घरातील वीज : आपला हात कोठे थांबवावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पिरियापट्टण येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत अथवा संतवाङ्मय यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'घरातील वीज' असे कळविले. त्यांनी क्षणभर थांबून नम्रपणे विचारले, "साहेब, आपण अभियंते आहात काय?" आम्ही अभियंते नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; उमेदीची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. विजेविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, अधिकार नसताना तिला हात घातल्याचा परिणाम आम्ही स्वतःच्या घरात पाहिला आहे. तो प्रसंग आजवर आम्ही चारचौघांत सांगितलेला नाही. आज सांगणार आहोत.

विषय रूक्ष वाटला तरी भूमी मात्र त्याला साजेशी आहे. या तालुक्याच्या सीमेला स्पर्श करीत कावेरी पुढे जाते. हीच कावेरी खाली शिवनसमुद्र येथे कड्यावरून कोसळते, आणि तेथे म्हैसूर संस्थानाने १९०२ साली जलविद्युत केंद्र सुरू केले. त्याची आखणी दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीतली. ती वीज प्रथम कोणाच्या दिवाणखान्यात गेली नाही. ती गेली सुमारे १४७ किलोमीटर दूर, कोलारच्या सोन्याच्या खाणींत. इतक्या लांबवर वीज वाहून नेणे ही त्या काळी जगातही अपूर्वाई होती. बेंगळुरास विजेचे दिवे लागले १९०५ साली आणि म्हैसूर नगरीत १९०८ साली. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्या वेळी म्हैसूरच्या दिवाणपदावर व्ही. पी. माधवराव होते. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्करांनी बेंगळुरास विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला. म्हणजे कन्नड भूमीवरील विजेच्या इतिहासात मराठी माणसाचाही थोडासा वाटा आहे. असो.

राज्यकर्त्यांनी आणि कारखानदारांनी जिला एवढ्या गांभीर्याने वागविले, तिला आपण घरात मात्र फारच सलगीने वागवितो. आमचेही तसेच झाले.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी बदलीमुळे आम्ही या भागात प्रथम आलो. घर भाड्याचे, कौलारू, जुने. पावसाळ्यात कोडगूकडून येणारा गारठा आपणा सर्वांना ठाऊक आहेच. आमच्या मातोश्री साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आल्या. त्यांना पहाटे उठून कढत पाण्याने स्नान करण्याची सवय. गावी तांब्याचा बंब होता; येथे तो कोठून आणणार? आम्ही म्हैसुराहून २००० वॅटचा गीझर आणला आणि रविवारची सुटी साधून तो स्वहस्ते बसविला. वायरमन बोलवावा असे सौभाग्यवतींनी सुचविले होते. परंतु वायरमनला शोधायचे, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्याला समजावयाचे, मग घरमालकाची परवानगी घ्यायची, एवढा खटाटोप एका प्लगसाठी कशाला, असे आम्हांस वाटले.

न्हाणीघरात दाढीच्या यंत्रासाठी केलेले लहानसे दोन छिद्रांचे सॉकेट होते. गीझरचा प्लग तीन पिनांचा आणि जाड. तो बसेना. आम्ही तो कापला, दोन पिनांचा प्लग आणून त्यास लाल आणि काळी तार जोडली. हिरवी तार उरली. तिला जागा नव्हती. ती दुमडून आम्ही वर काळी पट्टी गुंडाळली. बटण दाबले, दिवा लागला, पाणी तापले. मातोश्रींनी आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आम्ही धन्य झालो.

चार महिने सारे सुरळीत चालले. पाचव्या महिन्यात एके पहाटे न्हाणीघरातून आवाज आला. आम्ही धावलो. मातोश्री पाटाशेजारी पडल्या होत्या. गीझर चालू असताना त्यांनी धातूची तोटी धरली आणि हाताला जोराचा हिसका बसून त्या कोसळल्या. त्या जुन्या वळणाच्या, त्यामुळे स्नानाला लाकडी पाट घेत. पायाखाली ते लाकूड होते म्हणून त्या वाचल्या, असे पुढे जाणकारांनी सांगितले. पडताना उजवे मनगट मोडले.

डॉक्टरांनी विचारले, कशाने पडलात? मातोश्री आमच्याकडे न पाहता मराठीत म्हणाल्या, "साबणावरून पाय घसरला." आणि आम्ही त्याचे इंग्रजीत भाषांतर केले. जसेच्या तसे केले, एक शब्दही बदलला नाही. विजेचा धक्का बसलेल्या माणसाचे हृदय तपासून घ्यावे लागते, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचीही हृदयाची लय बिघडलेली असू शकते. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपविणे हे मूळ चुकीहून मोठे पाप होते, हे आम्हांस नंतर कळले.

त्याच दिवशी गावातील परवानाधारक वायरमन आला. त्याने मेन स्विच बंद केला, प्लग उघडला, पट्टी सोडविली आणि दुमडलेली हिरवी तार सरळ करून आमच्यासमोर धरली. "इदु यारु माडिद्दु?" हे कोणी केले? आम्ही उत्तर दिले, "पूर्वीच्या भाडेकरूने." पट्टी नवी होती. तो काहीच बोलला नाही, खाली मान घालून कामाला लागला.

बंधुभगिनींनो, आम्ही कार्यालयात सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीवाचून एक कागद पुढे सरकू देत नाही. आमच्या घरात मात्र सक्षमतेचा प्रश्न आम्हांस पडला नाही. वास्तविक कायद्याने तो फार पूर्वी विचारलेला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाचे तात्पर्य असे की, ग्राहकाच्या जागेत विजेचे नवे काम, वाढ, फेरफार अथवा दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदारानेच करावयाची. तीही सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराच्या हातून. अपवाद एकच : दिवे, पंखे, फ्यूज, खटके आणि घरगुती उपकरणे यांची अशी अदलाबदल, की जिच्यामुळे मूळ मांडणीची क्षमता अथवा तिचे स्वरूप बदलणार नाही. ते नियम पुढे गेले, २००३ चा विद्युत कायदा आला, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे सुरक्षाविषयक विनियम आले. हे तत्त्व मात्र टिकून राहिले.

'क्षमता' आणि 'स्वरूप' हे दोन शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. आमच्या हातून एका रविवारी दोन्ही बदलली. सहा अँपिअरच्या सॉकेटवर २००० वॅटचे यंत्र लावले, ही क्षमता बदलली. २००० ला २३० ने भागा. पावणेनऊ अँपिअर येतात. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. भिंतीतल्या बारीक तारेला ती सोसवत नाही. तिचे आवरण आतल्या आत करपत जाते. आणि हिरवी तार काढून टाकली, हे स्वरूप बदलले. ते अधिक घातक ठरले.

ही हिरवी तार म्हणजे अर्थिंगची तार. ती यंत्राच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते. आतली विजेची तार अथवा तापणारी कॉइल काही दोषाने धातूला टेकली, तर वीज त्या तारेने जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. ती तार नसेल तर धातूचे अंग विजेने भारलेले राहते आणि तोटी धरणाऱ्या माणसाची वाट पाहते. आमच्या येथे नेमके हेच घडले.

"पण फ्यूज होता ना? तो का उडाला नाही?" असा प्रश्न आम्हीही वायरमनला विचारला. त्याचे उत्तर आम्हांला महत्त्वाचे वाटते. फ्यूज, किंवा आताच्या घरांतला एमसीबी, हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्याच्या शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. सोळा अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही लागणार नाही. माणसाला मात्र तेवढा पुष्कळ होतो. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह शरीराला जाणवू लागतो. १० च्या आसपास स्नायू असे आखडतात की हातातली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर तो प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा पेटतो तोच मुळी सुमारे ४० मिलिअँपिअरवर. एक लहान दिवा लावण्यास जेवढा प्रवाह लागतो, तेवढा एक जीवनज्योत विझविण्यास पुरेसा आहे.

माणसाचा रक्षक निराळा. त्याचे नाव आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी भलत्या वाटेने जमिनीत जात आहे असे समजून तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडतो. अर्थिंग असले तरी तो हवाच. समजा, अर्थिंगचा विरोध २० ओहम आहे; मग २३० व्होल्टवर त्यातून साडेअकरा अँपिअरच जातील आणि सोळाचा फ्यूज तसाच राहील. मात्र कोणी दोन हातांनी दोन्ही तारा धरल्या, तर आरसीसीबीलाही काही उमगत नाही. म्हणून तो आहे या भरवशावर धाडस करू नये. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. तो खाली पडला तर ठीक, न पडला तर बदलून घ्यावा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी देशात दर वर्षी १२ हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मृत्यू पावली. ही सारीच घरातली नव्हेत. शेतातली, रस्त्यावरची, कामावरचीही त्यांत आली. तथापि, प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, हे विसरता येत नाही.

मग गृहस्थाने काय करावे? बटणालाही हात लावू नये काय? तसे मुळीच नाही. विजेच्या तीन हद्दी आहेत, आणि त्या ओळखणे यातच सारे शहाणपण आहे.

पहिली हद्द आपली. जळालेला दिवा बदलणे, ट्युब बदलणे, उडालेल्या फ्यूजमध्ये योग्य मापाचीच तार घालणे, खाली पडलेला एमसीबी एकदा वर करून पाहणे, उपकरणाची वायर तुटकी नाही ना हे पाहणे, ही आपली कामे. त्यांतही पथ्ये आहेत. दिवा बदलतानासुद्धा मेन बंद करावा. कारण खटका चुकून न्यूट्रलवर बसविलेला असेल, तर खटका बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद झाला तरी त्याची वीज घरात खेळत असते. टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही, असे मानू नये. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणे म्हणजे राखणदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. पाणी तापविण्याचा हीटर बादलीत ठेवून बटण लावावे, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. लहान मुलांना हात पोचेल अशी सॉकेटे झाकून ठेवावीत. आणि तीन पिनांतली जाड पिन मोडून प्लग बसविणे, हा आपल्या घरोघरी चालणारा उद्योग आजपासून बंद करावा.

दुसरी हद्द वायरमनची. ती भिंतीत सुरू होते. नवे सॉकेट, नवी ओळ, गीझर, एअर कंडिशनर, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, विजेवर चालणारी स्कूटर भारित करण्याची सोय ही कामे परवानाधारक माणसाचीच. याखेरीज काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसताच मेन बंद करून त्याला बोलवावे. तोटीला, फ्रिजला अथवा ओल्या भिंतीला हात लावला असता मुंग्या येणे, सॉकेट गरम लागणे किंवा काळे पडणे, जळकट वास, एमसीबी वर करताच पुन्हा पडणे, मिक्सर लावला की दिवे मंदावणे. 'जरासा करंट येतो, कोरड्या हाताने धरले की काही होत नाही,' हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. जरासा करंट ही जाता जाता मिळालेली पूर्वसूचना असते. आमच्या सौभाग्यवतींना अपघातापूर्वी आठवडाभर तोटीला मुंग्या जाणवत होत्या. आम्ही त्यांना "ओल्या हाताचा भास" असे सांगितले होते.

तिसरी हद्द वीज कंपनीची. मीटर, त्याचे सील, खांबावरून घरात येणारी तार यांना आपणही हात लावू नये आणि आपल्या वायरमननेही लावू नये. घरातले काही दिवे एकाएकी फार तेजाळले आणि काही मंदावले, तर न्यूट्रल कोठेतरी तुटला असण्याचा संभव असतो. अशा वेळी तत्काळ मेन बंद करावा. वादळात तार तुटून अंगणात पडली तर तिच्या जवळपास फिरकू नये. तिच्याभोवतीच्या ओल्या जमिनीतही वीज असते. या जिल्ह्यात चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमाचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. तो मीटरच्या फळीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

एवढे करूनही कोणास धक्का बसलाच, तर प्रथम त्याला हात लावू नये. मेन बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला विजेपासून दूर सारावे. हे घरातल्या विजेपुरतेच; खांबावरच्या तारेच्या बाबतीत वीज बंद होईपर्यंत दूरच राहावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटास १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि डॉक्टरांना खरे सांगावे.

आता आपल्या स्वतःविषयी. गावी वायरमन हा घरचाच माणूस असतो. "अरे, जरा येऊन बघ रे," एवढे म्हटले की तो येतो. येथे आपण बदलीवर आलेली माणसे. घर परक्याचे, भाषा परकी, आणि तीन वर्षांनी जायचेच आहे ही भावना. त्यामुळे आपण घरमालकास सांगण्याचा संकोच करतो, वायरमनला बोलावण्याचा कंटाळा करतो आणि तात्पुरते काहीतरी करून ठेवतो. ते तात्पुरते आपण गेल्यावर पुढच्या भाडेकरूच्या नशिबी येते. खोटे बोलताना आम्ही ज्या 'पूर्वीच्या भाडेकरू'वर खापर फोडले, तो भाडेकरू वस्तुतः आम्हीच होतो; कोणाच्या तरी आधीचे.

या तालुक्यातला शेतकरी या बाबतीत आपल्याहून शहाणा आहे. व्हर्जिनिया तंबाखूची पाने भट्टीत वाळविताना उष्णता केव्हा किती वाढवायची, हे तो जाणत्या माणसावर सोपवितो. अजाण हातात विस्तव देत नाही. वीज हा विस्तवच आहे, केवळ दिसत नाही.

भाषेची अडचण तर फारच लहान आहे. चार वाक्ये पाठ करावीत : 'शॉक होडीतिदे', धक्का बसतो आहे, 'मेन ऑफ माडि', मेन बंद करा, 'अर्थिंग चेक माडि', अर्थिंग तपासा, आणि 'लायसन्स इदेया?', परवाना आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारण्यात कोणाचा अपमान नाही. खरा कारागीर तो अभिमानाने दाखवितो. आमच्या वायरमनने न मागता दाखविला होता. त्याने गीझरसाठी फळीपासून स्वतंत्र जाड तार ओढली, सोळा अँपिअरचे तीन छिद्रांचे सॉकेट बसविले, परसात खड्डा घेऊन नवे अर्थिंग केले, मेनजवळ आरसीसीबी लावला, आणि जाताना बजावले की, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालीत जा, कोरड्या मातीत वीज मुरत नाही. तुळशीला पाणी घालताना एक तांब्या तेथेही घालण्याची पद्धत आमच्या घरात पडली ती तेव्हापासून.

आता मंडळास दोन विनंत्या. गणेशोत्सवात आपण मंडपावर रोषणाई करतो. भर पावसाळ्याचे दिवस, पायाखाली चिखल, लोखंडी खांब आणि त्यांवर बांधलेल्या वायरी, असा तो सारा थाट असतो. तेव्हा तात्पुरती वीजजोडणी रीतसर अर्ज करून घ्यावी, काम परवानाधारकाकडून करवावे आणि मंडपाच्या फळीवर आरसीसीबी असल्याशिवाय आरतीचा दिवा लावू नये. दिव्यांच्या चार माळा कमी झाल्या तर श्रीगणेश रुसणार नाहीत. म्हैसूरच्या राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे उजळतात. ती हौस आपण रविवारी तेथे जाऊन भागवावी.

दुसरी विनंती अशी. बदलून आलेल्या नव्या कुटुंबाच्या हाती मंडळ प्रथम वर्गणीची पावती ठेवते. ते योग्यच आहे. त्या पावतीबरोबर गावातील परवानाधारक वायरमनांची यादी आणि ही चार कन्नड वाक्ये छापून द्यावीत. सुवर्णमहोत्सवाची ती अगदी स्वस्त, पण टिकाऊ आठवण होईल.

आमच्या मातोश्री त्यानंतर अनेक वर्षे होत्या, वयोमानाने गेल्या. मनगट जुळले, परंतु त्या हाताची पोळी पुन्हा पूर्वीसारखी गोल लाटली गेली नाही. कोणी विचारले तर त्या म्हणत, "आता वय झाले." आम्ही समोर बसलेलो असू. शेवटपर्यंत त्यांनी साबणाचीच गोष्ट सांगितली, आणि आम्ही ती शेवटपर्यंत खरी ठरू दिली. आज ती येथे दुरुस्त केली आहे.

आपणाकडे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर, हातपाय धुण्यापूर्वी, न्हाणीघरातल्या प्लगकडे एकदा पाहावे. तीन पिना आहेत की दोन, तेवढे मोजावे. दोन असतील तर आज गार पाण्याने स्नान करावे आणि उद्या सकाळी वायरमनला बोलवावे.